विद्यार्थी गळती आणि पदवी-पूर्तता (ग्रामीण विदर्भ)

पदवीला प्रवेश घेऊन शिक्षण अर्धवट सोडणे म्हणजे गळती. एका वर्षी प्रवेश घेतलेल्यांपैकी जितके ठरलेल्या मुदतीत पदवीधर होतात, ते पदवी-पूर्ततेचे प्रमाण. महाविद्यालये फलकावर लावतात ती निकालाची टक्केवारी. ती परीक्षेला बसलेल्यांवर काढलेली असते. ज्याने परीक्षेचा फॉर्मच भरला नाही, तो या हिशेबात कुठेच नसतो. खरी गळती पाहायची तर पहिल्या वर्षाची प्रवेशयादी आणि त्याच तुकडीची अंतिम निकालयादी शेजारी ठेवावी लागते, आणि ते क्वचितच कोणी करते.

विदर्भातील महाविद्यालये मुख्यतः नागपूर (1923), अमरावती (1983) व गोंडवाना (2011) या विद्यापीठांशी संलग्न आहेत. चंद्रपूर-गडचिरोली जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ वेगळे निघाले, तरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे 200 किलोमीटर राहतेच.

कारणांत गरिबी सर्वांत वर. पण ती विशिष्ट महिन्यांत बोलते. पूर्वेकडील धानपट्ट्यात जुलै-ऑगस्टच्या रोवणीतच वर्ग सुरू होतात. पश्चिमेकडे सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी हिवाळी परीक्षेच्या तोंडावर येते. उन्हाळी परीक्षेच्या सुमारास गडचिरोलीत मोहफुले आणि तेंदूपत्ता. तेंदूच्या काही दिवसांची मजुरी घरासाठी मोठी असते. त्यात परीक्षा-फॉर्मची तारीख हुकते, मग विलंब शुल्क, मग अतिविलंब शुल्क. शिष्यवृत्ती महाडीबीटीवर (शासनाचे शिष्यवृत्तीचे पोर्टल) अडकलेली असली की एवढेही पैसे जमत नाहीत. मुलींच्या बाबतीत शेवटची एसटी किती वाजता सुटते, यावर दुपारचे प्रॅक्टिकल अवलंबून असते. घरी गोंडी, माडिया किंवा कोरकू बोलणाऱ्यांचा इंग्रजीचा पेपर राहतो. एटीकेटीवर, म्हणजे काही विषय राहूनही, पुढचे वर्ष मिळते, पण राहिलेले पेपर साचत जातात.

वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी राहण्या-जेवणाचा खर्च देणारी अनुसूचित जातींकरिता स्वाधार आणि अनुसूचित जमातींकरिता स्वयं योजना आहे. 'कमवा आणि शिका'चाही आधार होतो. विद्यार्थ्यांना मेंटॉर (मार्गदर्शक शिक्षक) नेमण्याची पद्धत मात्र बऱ्याच ठिकाणी नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांच्या मूल्यांकनाच्या, फायलीपुरतीच उरते. 2020 च्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन थांबता येते व जमा क्रेडिटवर (पूर्ण केलेल्या अभ्यासाचे गुणांक) परतता येते. पण नुसते येणे बंद केल्याने प्रमाणपत्र मिळत नाही: ठरावीक क्रेडिट आणि वर एक कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण असावा लागतो. मध्येच गळणाऱ्याकडे नेमके तेच नसते.

त्यापेक्षा स्वस्त उपाय कार्यालयातच आहे. फॉर्म न भरलेल्यांची यादी विलंब शुल्क लागण्याआधी बाबूने वर्गशिक्षकाला द्यावी, आणि त्यांनी घरी फोन करावा. अडचण एवढीच की प्रवेश-अर्जावरचा नंबर कधी कधी ऑनलाइन सेंटरवाल्याचा निघतो. म्हणून प्रवेशाच्याच दिवशी त्याच गावच्या दुसऱ्या विद्यार्थ्याचा नंबरही लिहून घ्यावा.