गवती चहा की सिट्रोनेला?

डास पळवायचे म्हणून कुणी हौसेने सिट्रोनेलाचा ठोंब लावतो आणि पात चुरगळून हुंगावी तर निघतो गवती चहा. दोष नजरेचा नाही. दोन्ही सिंबोपोगॉन याच प्रजातीतली गवतं, तशीच लांब पाती, तसंच दाट बेट.

पात्यांवर जाऊ नका, बुडखा बघा. गवती चहाचा बुडखा पांढुरका-हिरवा असतो, सिट्रोनेलाच्या बुडख्यावर बहुधा लालसर-जांभळी झाक असते. तरी खरी पारख नाकाचीच. गवती चहाचा वास सरळ लिंबाचा, कारण त्याच्या तेलात लिंबाचा वास देणारं सिट्राल हे रसायनच भरपूर. सिट्रोनेलाचा वास लिंबापाशी थांबत नाही, पुढे साबणाकडे, थोडा गुलाबाकडे झुकतो. तो सिट्रोनेलाल, जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल या रसायनांचा. त्यातही सिट्रोनेलाच्या जावा जातीत सिट्रोनेलाल श्रीलंकेच्या जातीपेक्षा बरंच जास्त. कातरलेल्या पानांचं पेलार्गोनियम नावाचं एक शोभेचं झुडूपही सिट्रोनेला म्हणून विकतात, ते तर गवतच नव्हे.

डासांना दोन्ही तेलं नकोशी वाटतात. मेणबत्त्यांत आणि अंगाला लावायच्या औषधांत मात्र मुख्यतः सिट्रोनेलाच जातं. डासरोधक म्हणून अमेरिकेत त्याची नोंदणी १९४८ सालची.

पण ते तेलाचं झालं. कुंडीतल्या गवताचं तेल पानातच कोंडलेलं असतं, पात मोडल्या-चुरडल्याशिवाय फारसं बाहेर येत नाही. डास आपल्याला शोधतो श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, अंगाच्या उबेवरून, घामाच्या वासावरून. शेजारी गवत नुसतं उभं आहे याने त्याला काय फरक पडणार?

काढलेलं तेलही लवकर उडून जातं. २००२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या चाचणीत सिट्रोनेलाची उत्पादनं सरासरी वीस मिनिटंही टिकली नाहीत; २३.८ टक्के डीट हे कृत्रिम डासरोधक रसायन असलेलं औषध पाच तास टिकलं. म्हणून तेल जास्त चोळावं, तर तेही नको. निव्वळ तेलाने कातडीची आग होऊ शकते, आणि काहींना सिट्रालची अ‍ॅलर्जीही असते.

गवत खुशाल लावा, दोन्हींपैकी कुठलंही. फक्त कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. उबदार हवेत आठवड्या-दीड आठवड्यात डास तिथूनच उडतात.