चेकपॉइंटर की बॅकग्राउंड रायटर: नक्की कोण कशासाठी लिहितं

आमच्या इंदूरच्या ऑफिसात एक पोरगा आहे, रामबागेतला, घरात शुद्ध मराठी आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की "क्या भिया". परवा विजयनगरात ऑफिसखालच्या टपरीवर पोहे खात होतो, वर सेव, वर जिरावण, बाजूला जिलेबी, आणि हा मधेच म्हणतो, दादा, सर्व्हरवर पीएस मारलं, चालू प्रोसेसेसची यादी काढली, की पोस्टग्रेस डेटाबेसखाली एक चेकपॉइंटर दिसतो आणि एक बॅकग्राउंड रायटर दिसतो, वाचायला गेलं तर दोघंही मेमरीत बदललेली, म्हणजे डर्टी, पेजेस डिस्कवर लिहितात, मग दोन माणसं कशाला ठेवलीत, एकाच्या पगारात भागलं नसतं का?

भागत होतं ना, बरीच वर्षं भागत होतं. बॅकग्राउंड रायटर आला पोस्टग्रेसच्या ८.० व्हर्जनमध्ये, म्हणजे २००५ साली, आणि पुढे ९.२ येईपर्यंत, म्हणजे २०१२ पर्यंत, ही दोन्ही कामं तो एकटाच करायचा. चेकपॉइंटच्या शेवटी फायली सिंक करायची, म्हणजे डिस्कवर पक्क्या करायची, वेळ आली की तो तिथेच अडकून बसायचा आणि तेवढा वेळ रोजची सफाई बंद. म्हणून ९.२ मध्ये वाटणी झाली. पण जुने ब्लॉग, जुन्या स्लाइड्स, जुने सीनियर (मीपण त्यातलाच) यांच्या तोंडातून नाव तेच येत राहिलं, त्यामुळे हा घोळ तुझ्या डोक्यातला नाहीये, तो तुझ्यापर्यंत आयता आलाय.

मी हे त्याला वह्यांवरून सांगितलं. माझे आजोबा सियागंजात एका किराणा होलसेलवाल्याकडे मुनीम होते. पेढीवर सगळे रोकड बही, खाता बही म्हणायचे, घरी आल्यावर आजोबांच्या तोंडी मात्र रोजकीर्द आणि खतावणी. गिऱ्हाईक समोर उभं असताना नोंद व्हायची ती रोजकीर्दीत, एकाखाली एक, जसं घडलं तसं. मग सवडीनं त्याच नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायच्या, त्याला खतावणं म्हणतात. पोस्टग्रेसमधला वॉल (राइट-अहेड लॉग, बदलांची आधी लिहिली जाणारी नोंद) म्हणजे ही रोजकीर्द आणि टेबल-इंडेक्सच्या डेटा फायली म्हणजे खतावणी. आता जरा कल्पना ताणा, खतावणीची पानं सुटी आहेत, कपाटात ठेवलेली, आणि ज्या खात्यावर काम चालू आहे ते पान काढून समोरच्या डेस्कवर ठेवायचं. डेस्क म्हणजे शेअर्ड बफर्स. पेज ८ केबीचं, डिफॉल्ट डेस्क १२८ एमबीचा, म्हणजे एका वेळी १६,३८४ पानं, त्याहून एकही जास्त मावत नाही. डेस्कवरच्या पानात खाडाखोड झाली पण कपाटातली प्रत अजून जुनीच आहे, की ते पान डर्टी.

एवढं डोक्यात बसलं की दोघांचं भांडण सुटतं, कारण डर्टी पान दोघंही कपाटापर्यंत नेतात पण नेण्याचं कारण पार वेगळं आहे.

चेकपॉइंटरला डेस्कवर जागा आहे की नाही याच्याशी काही देणंघेणं नाही. त्याची काळजी वेगळीच: उद्या लाइट गेली, मशीन धाडकन बंद पडली, तर परत उठल्यावर रोजकीर्द कुठल्या पानापासून पुन्हा वाचायची? अगदी पहिल्या पानापासून वाचत बसलात तर दुकान उघडेस्तोवर संध्याकाळ व्हायची. म्हणून तो ठरावीक वेळानं रोजकीर्दीतली एक जागा धरतो, त्या क्षणी डेस्कवर जेवढी डर्टी पानं आहेत ती सगळी, हवी-नको न बघता, कपाटात पोचवतो, ती खरोखर डिस्कवर टेकलीत याची एफसिंक करून खात्री घेतो, आणि मग वॉलमध्ये चेकपॉइंटची नोंद टाकून कंट्रोल फाइलीत लिहून ठेवतो की अमुक जागेच्या आधीचं सगळं खतावून झालंय. इथे एक बारीक गोष्ट आहे जी बरेच जण चुकतात. ही "अमुक जागा" म्हणजे काम जिथे संपलं ती नाही, जिथे सुरू झालं ती. मधल्या काळात नव्या नोंदी पडतच असतात, त्यांची हमी त्यानं घेतलेली नसते, म्हणून रिकव्हरी सुरू होते ती त्या आधीच्या खुणेपासून. आणि त्या खुणेमागच्या वॉल फायली क्रॅश रिकव्हरीपुरत्या निकामी झाल्या, मग रेप्लिका (दुसऱ्या मशीनवरची चालती प्रत) किंवा आर्काइव्हला नको असतील तर त्या काढून टाकतो नाहीतर नवीन नाव देऊन परत वापरतो.

हे कधी होतं? एकतर वेळ झाली की, डिफॉल्ट ५ मिनिटं, नाहीतर वॉल फुगून मॅक्स वॉल साइझकडे निघाला की (डिफॉल्ट १ जीबी), यातलं जे आधी होईल ते. शिवाय सर्व्हर नीट बंद करताना, बेस बॅकअप सुरू करताना, आणि कोणी हातानं चेकपॉइंट कमांड दिली तर. वेळ तुम्ही एक दिवसापर्यंत लांबवू शकता पण चेकपॉइंट पूर्ण बंद करायचं बटणच नाहीये.

बॅकग्राउंड रायटर मात्र बंद करता येतो! त्याच्या एका फेरीत जास्तीत जास्त किती पेजेस लिहायची ती सेटिंग शून्य केली की गडी घरी बसला, आणि डेटा एका अक्षरानं इकडचा तिकडे होत नाही. दोघांतला फरक मला कोणी एका वाक्यात विचारला तर मी हेच सांगतो.

कारण तो बिचारा फक्त डेस्कवरच्या जागेसाठी आहे. कोणाला नवं पान काढायचंय आणि डेस्क भरलेला, तर कुठलं तरी जुनं पान उचलावं लागणार, आणि ते डर्टी निघालं तर आधी कपाटात उतरवून यावं लागणार, तोवर गिऱ्हाईक ताटकळत. म्हणून हा पोऱ्या आधीच पुढे जाऊन बघतो की लवकरच उचलली जातील अशी पानं कुठली, ज्यांना बराच वेळ कोणी हात लावलेला नाही अशी, आणि त्यातली डर्टी असतील ती उतरवून ठेवतो. पान डेस्कवरून हलत नाही बरं का, फक्त स्वच्छ होतं. दर २०० मिलिसेकंदांनी उठतो, मागच्या काही फेऱ्यांत किती पानं लागली त्याचा अंदाज घेतो, त्याच्या दुप्पट धरतो, आणि एका फेरीत जास्तीत जास्त १०० पेजेस. गुणाकार करा, १०० पेजेस म्हणजे ८०० केबी, सेकंदाला पाच फेऱ्या, म्हणजे डिफॉल्टवर जेमतेम ४ एमबी दर सेकंदाला. आजच्या एसएसडीसमोर हे म्हणजे हत्तीला वेलदोडा. आणि एफसिंक तो स्वतः करतच नाही, ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात देतो आणि चेकपॉइंटरला निरोप ठेवतो की बाबा या फायलीवर मी लिहिलंय, तुझ्या वेळी पक्कं करून घे. म्हणजे "लिहिलं" आणि "टेकलं" यातलं टेकवायचं काम शेवटी चेकपॉइंटरकडेच जातं.

आणि हा पोऱ्या कमी पडला तर? तर तिसरा लिहिणारा आहेच, ज्याचं नाव पीएसमध्ये कोणी बघत नाही, तो म्हणजे तुमची क्वेरी चालवणारा बॅकएंड. स्वच्छ पान मिळालं नाही तर तो स्वतःच उठून डर्टी पान लिहितो, त्याआधी त्या पानाचा वॉल डिस्कवर गेला नसेल तर तोही ढकलतो (हा नियम तिघांनाही आहे, खतावणीत चढवायच्या आधी रोजकीर्दीत शाई वाळलेली पाहिजे), आणि हे सगळं होईस्तोवर तुमची साधी सिलेक्ट लटकलेली. यादीत वॉल रायटर म्हणूनही एक आहे, त्याला यात ओढू नका, त्याचा संबंध फक्त रोजकीर्दीशी.

आता माझी फजिती, कारण हा फरक मी वाचून नाही, तोंडावर पडून शिकलोय. एका क्लायंटकडे पोस्टग्रेस १२ होतं, नाव सांगत नाही. रोज संध्याकाळी मोठी इम्पोर्ट चालायची आणि त्या दीड तासात ॲप दर वीस-पंचवीस सेकंदांनी अडकायचं, पाच-सहा सेकंद सगळं गप्प, मग परत सुरू. मी डिस्कचा ग्राफ बघितला, लिहिण्याचे उंच उंच सुळके, आणि मनात म्हटलं, डर्टी पेजेस साठतायत, बॅकग्राउंड रायटर आळशी आहे, त्याला पळवू. १०० चे १००० केले, २०० मिलिसेकंदांचे ५० केले. काही फरक नाही. उलट एकूण लिहिणं वाढलं, कारण जे पान चेकपॉइंटला एकदाच लिहून भागलं असतं ते आता हा लिहितो, ते परत डर्टी होतं, परत लिहितो. दोन संध्याकाळी यात घालवल्या, दुसऱ्या रात्री वैतागून सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खाल्ला आणि झोपलो.

तिसऱ्या दिवशी लॉग उघडला, जो पहिल्या दिवशीच उघडायला हवा होता. ओळीमागून ओळ: चेकपॉइंट्स आर ऑकरिंग टू फ्रीक्वेंटली, २२ सेकंद अंतर, आणि खाली सल्ला की मॅक्स वॉल साइझ वाढवून बघा. म्हणजे डेटाबेस दोन दिवस माझ्या नावानं बोंबलत होता आणि मी पोऱ्याला झापत होतो. मॅक्स वॉल साइझ डिफॉल्ट १ जीबीवर होती, इम्पोर्ट ती बघता बघता भरायची, म्हणून ५ मिनिटांची वाट न बघता चेकपॉइंट सुटायचा, घाईघाईनं सगळी डर्टी पेजेस आणि त्यावर एफसिंक, आणि त्या एफसिंकच्या वेळी बाकी सगळे रांगेत.

यातली खरी गंमत तर पुढे आहे. चेकपॉइंट झाला की त्यानंतर कुठल्याही पेजमध्ये पहिला बदल होतो तेव्हा पोस्टग्रेस नुसता बदल नाही, ते अख्खं पेजच वॉलमध्ये टाकतं, कारण क्रॅशच्या वेळी पेज अर्धवट लिहिलं गेलं असेल तर दुरुस्तीला पूर्ण प्रत हवी. दुसऱ्या बदलापासून फक्त तो बदल. आता चेकपॉइंट दर २२ सेकंदांनी होतोय म्हणजे दर २२ सेकंदांनी प्रत्येक पेजचा "पहिला बदल" नव्यानं होणार, परत अख्खी पेजेस वॉलमध्ये, वॉल आणखी जोरात फुगणार, म्हणजे पुढचा चेकपॉइंट आणखी लवकर. कुत्रं स्वतःच्या शेपटीमागे फिरतं तसं. पोऱ्याला कितीही पळवा, या चक्राला त्याचा हातही लागत नाही.

मग मॅक्स वॉल साइझ १६ जीबी केली, चेकपॉइंटचा टाइमआउट ५ वरून १५ मिनिटं, आणि कम्प्लिशन टार्गेट ०.५ वरून ०.९, म्हणजे दोन चेकपॉइंटमधल्या वेळाच्या नव्वद टक्क्यांत लिहिणं पसरवायचं. व्हर्जन १४ पासून ०.९ हेच डिफॉल्ट आहे, आम्ही जुन्यावर होतो म्हणून हातानं करावं लागलं. बॅकग्राउंड रायटर परत जसा होता तसा. रीस्टार्टसुद्धा नाही लागला, नुसतं रीलोड. त्या संध्याकाळी ॲप एकदाही अडकलं नाही. फुकट मात्र नाही हे, वॉलला डिस्कवर जागा जास्त लागते आणि मशीन पडलीच तर उठायला वेळ जास्त, कारण खूण आता लांब मागे असू शकते. क्लायंटला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर क्रॅशनंतर दहा मिनिटं फोन वाजत राहतो.

पोऱ्याचीच चूक असते असंही होतं, नाही असं नाही. डेटा डेस्कपेक्षा खूप मोठा, लिहिणं सतत, आणि क्वेऱ्या चालवणारे बॅकएंड स्वतःच पेजेस लिहितायत असं दिसलं, शिवाय मॅक्सरिटन क्लीन नावाचा आकडा भराभर चढत असेल (म्हणजे फेरीत १०० चा कोटा संपला म्हणून तो मधेच थांबला), तर जरूर कोटा वाढवा. माझ्या बघण्यात हे कमी वेळा आलंय, दहातल्या आठ वेळा गुन्हेगार चेकपॉइंट निघतो.

ओरॅकल डेटाबेसवरून आलेल्यांचा गोंधळ आणखी वेगळा असतो. तिथे सीकेपीटी (म्हणजे चेकपॉइंट) प्रोसेस ब्लॉक, म्हणजे आपली पेजेस, स्वतः लिहीतच नाही, ती डीबी रायटरला निरोप देते आणि डेटा फायलींचे हेडर आणि कंट्रोल फाइल अपडेट करते, लिहायची हमाली सगळी डीबी रायटरची. म्हणून ते लोक इथे आले की बॅकग्राउंड रायटरला डीबी रायटर समजून बसतात. इथे चेकपॉइंटर स्वतःच हमाल आहे. एसक्यूएल सर्व्हरवाल्यांना सोपं जातं, त्यांच्याकडे चेकपॉइंट वेगळा आणि लेझी रायटर वेगळा, वाटणी बऱ्यापैकी हीच.

आकडे कुठे बघायचे यातही एक लोचा आहे. व्हर्जन १६ पर्यंत पीजी स्टॅट बीजीरायटर नावाच्या एकाच व्ह्यूमध्ये दोघांचे हिशोब कोंबलेले होते, नाव बॅकग्राउंड रायटरचं आणि अर्धे कॉलम चेकपॉइंटचे. त्यात बफर्स चेकपॉइंट, बफर्स क्लीन आणि बफर्स बॅकएंड असे तीन आकडे, अनुक्रमे चेकपॉइंटर, पोऱ्या आणि बॅकएंड यांनी किती लिहिलं ते. १७ मध्ये, २०२४ साली, चेकपॉइंटरला स्वतःचा पीजी स्टॅट चेकपॉइंटर मिळाला आणि बॅकएंडचा हिशोब १६ मध्ये आलेल्या पीजी स्टॅट आयओ मध्ये बघायचा. चेकपॉइंटची लॉग सेटिंग १५ पासून आपोआप चालू असते, त्याआधीच्या व्हर्जनवर ती हातानं चालू करा, त्या ओळीत लिहायला किती सेकंद आणि सिंकला किती सेकंद हे वेगवेगळं छापून येतं.

पोरानं सगळं ऐकून घेतलं, जिलेबीचा शेवटचा तुकडा माझ्या प्लेटमधून उचलला आणि म्हणाला, मग दादा, मी बॅकग्राउंड रायटर किल नाइन करून, जबरदस्तीनं मारून, बघू का, बिनकामाचाच आहे ना. म्हटलं टेस्ट मशीनवर बघ. सेटिंगनं बंद केलास तर कोणाला पत्ता लागणार नाही, पण किल नाइन मारलास तर पोस्टमास्टरला, म्हणजे या सगळ्यांवरच्या मुख्य प्रोसेसला, वाटणार शेअर्ड मेमरीत काहीतरी बिघडलं, तो सगळी कनेक्शन्स तोडून पूर्ण रिकव्हरी लावणार. दुपारी त्यानं ते केलंच, आणि मग माझ्या टेबलापाशी येऊन लॉग दाखवला. रिकव्हरी ज्या खुणेपासून सुरू झाली होती ती त्याच्या बोटाखाली होती, आणि त्याच्या वरच्याच चेकपॉइंटच्या नोंदीत तोच रीडू नंबर, म्हणजे त्याच खुणेचा वॉलमधला पत्ता.