मॅलॅथिऑन, ईपीएन आणि बेरजेचं गणित

रसायनाची सुरक्षित मर्यादा काढतात ती बहुतेक वेळा ते एकटं उंदरांना देऊन, आणि शेतात किंवा कारखान्यात माणसाच्या अंगात एका वेळी किती काय काय जातं ते सगळ्यांना माहितीये. मग सगळं एकत्र गेलं की काय होतं? प्रश्न जुनाच आहे, 1926 मध्ये लोवे आणि मुइशनेक यांनी औषधं एकत्र दिली तर परिणाम कसा मोजायचा ते मांडलं, 1939 मध्ये ब्लिसने एकत्र विषांचे प्रकार पाडले, एकसारखी चालणारी, आपापली वेगळी चालणारी आणि एकमेकांचा परिणाम चढवणारी.

हा तिसरा प्रकार खरा डोकेदुखीचा. 1957 मध्ये एफडीए या अमेरिकेच्या अन्न-औषध नियामक संस्थेतल्या संशोधकांनी मॅलॅथिऑन आणि ईपीएन ही दोन कीटकनाशकं कुत्र्यांना एकत्र दिली तर विषारीपणा बेरजेच्या कितीतरी पट निघाला. मॅलॅथिऑन माणसाला त्या मानाने सौम्य, कारण कार्बॉक्सिलएस्टरेज नावाचं एन्झाइम त्याला तोडून टाकतं, आणि ईपीएन नेमकं त्या एन्झाइमलाच बंद पाडतं. पुढे 1976 मध्ये पाकिस्तानात मलेरियाच्या फवारणीत 7500 पैकी साधारण 2800 कामगारांना विषबाधा झाली, 5 जण गेले, आणि तिथे तर कुणी मुद्दाम काही मिसळलंही नव्हतं, मॅलॅथिऑनच्या पावडरमध्येच आयसोमॅलॅथिऑन तयार झालं होतं, तेही हेच एन्झाइम अडवतं.

तरी नियम आला तो बेरजेचाच. अमेरिकेत लव्ह कॅनॉल या वस्तीखाली पुरलेल्या रासायनिक कचऱ्याचं प्रकरण गाजलं, अशा जागा साफ करायला 1980 चा सुपरफंड कायदा आला, आणि 1986 मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, मार्गदर्शक तत्त्वं काढली: प्रत्येक रसायनाचा डोस भागिले त्याची मर्यादा, सगळ्यांची बेरीज 1 च्या वर गेली की सावध. सोयीचं आहे, नाकारत नाही, 10 रसायनांच्या सगळ्या जोड्या-तिकड्या वगैरे तपासायच्या तर डोस न बदलताच 1013 मिश्रणं होतात, कोण करणार? आणि बेरीज अगदीच वाया नाही, 2002 मध्ये लंडनच्या गटाने इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखी वागणारी 8 सौम्य रसायनं यीस्टवर तपासली, एकेकटी काही करत नव्हती इतक्या कमी डोसला, एकत्र मात्र परिणाम दिसला, बेरजेने सांगितला तसाच.

2017 मध्ये यवतमाळमध्ये कापसावर फवारताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली तेव्हा प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रीनच्या तयार मिश्रणाचं नाव आलं. कारणं बरीच होती, डोक्याएवढा वाढलेला कापूस, मास्क नाही, पंपात आणखी दोन-तीन औषधं. पण सायपरमेथ्रीनला शरीरात तोडायचं कामही कार्बॉक्सिलएस्टरेजच करतं, आणि प्रोफेनोफॉस ते अडवतं.