बॉस्टनची दोन स्टेट हाऊस: सिंहवालं कुठलं, घुमटवालं कुठलं?

गेल्या जूनमध्ये नाशिकहून काका-काकू आले होते. त्यांनी ट्रेनने शहरात यायचं, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकायची आणि अकरा वाजता स्टेट हाऊससमोर भेटायचं, असं ठरलं. काकांनी आदल्या रात्रीच नकाशा बघून ठेवला होता. त्यात ‘स्टेट’ नावाचं स्टेशन सापडलं, म्हणून ते तिथेच उतरले. अकराला फोन आला. “अगं, आम्ही केव्हाचे पोचलोय. इमारत छान आहे, पण तू म्हणालीस तो सोन्याचा घुमट कुठाय? इथे वरती सिंह बसलाय.” मी तेव्हा त्या घुमटासमोरच्या फुटपाथवर त्यांची वाट बघत उभी होते.

चूक काकांची नव्हती. बॉस्टनमध्ये स्टेट हाऊस दोन आहेत. एक ओल्ड स्टेट हाऊस आणि दुसरं मॅसॅच्युसेट्स स्टेट हाऊस, म्हणजे आजचं विधानभवन. दोन्ही लाल विटांची, दोन्ही फ्रीडम ट्रेलच्या, म्हणजे शहरातली ऐतिहासिक ठिकाणं जोडणाऱ्या पायवाटेच्या लाल पट्टीवर, दोघांमध्ये चालत जेमतेम दहा मिनिटांचं अंतर. बोलताना लोक दोघांनाही नुसतं ‘स्टेट हाऊस’ म्हणतात. त्यात ‘नवं’ म्हणावं ती इमारतही १७९८ सालची, त्यामुळे जुनं-नवं हे शब्द ऐकून पाहुण्याला काही बोध होत नाही. स्टेशनाचं नाव तर हमखास चकवतं. ‘स्टेट’ स्टेशन स्टेट स्ट्रीटवरचं आहे आणि त्याचं एक दार चक्क ओल्ड स्टेट हाऊसच्या तळघरातून उघडतं. घुमटाकडे जायचं असेल तर ‘पार्क स्ट्रीट’ला उतरायचं.

सिंह दिसला की जुनं, घुमट दिसला की आजचं. ओळखायला एवढं पुरे. पण दोन्हींत नेमकं काय घडलं, याची सरमिसळ मी इतक्यांदा ऐकली आहे की जरा सविस्तर सांगावंसं वाटतं. ‘स्वातंत्र्याचा जाहीरनामा इथेच वाचला ना?’ असं लोक घुमटाकडे बोट दाखवून विचारतात. तेव्हा तो घुमट नव्हताच. त्या टेकडीवर स्वातंत्र्यलढ्यातला पुढारी जॉन हॅनकॉकची गाईगुरं चरायची.

जुनी इमारत १७१३ सालची. आधीचं लाकडी टाऊन हाऊस १७११ च्या आगीत जळालं, म्हणून त्याच जागी विटांची बांधली. १७४७ मध्ये हिलाही आग लागली आणि आतलं सगळं गेलं, पण भिंती टिकल्या. त्याच आजही उभ्या आहेत. इंग्लंडच्या राजाचा गव्हर्नर आणि त्याचं मंडळ वरच्या मजल्यावर पूर्वेच्या दालनात बसायचं, मधल्या दालनात लोकांनी निवडलेली सभा, पश्चिमेला न्यायालय, आणि खाली व्यापाऱ्यांची उठबस. राजा आणि प्रजा एकाच छपराखाली, मध्ये फक्त एक भिंत! १७६१ मध्ये वकील जेम्स ओटिसने इथेच, कुणाच्याही घरात शिरून झडती घ्यायची मुभा देणाऱ्या सरकारी हुकमांविरुद्ध तासन् तास युक्तिवाद केला. तो खटला हरला. पण ऐकायला बसलेल्या तरुण जॉन अॅडम्सने, म्हणजे पुढच्या राष्ट्राध्यक्षाने, नंतर म्हातारपणी लिहून ठेवलं, की स्वातंत्र्य नावाचं मूल जन्मलं ते तिथे आणि त्या वेळी. मला त्याहूनही मोठी वाटते ती १७६६ सालची गोष्ट. त्या वर्षी सभागृहात सामान्य लोकांना बसून कामकाज ऐकता यावं म्हणून गॅलरी बांधली गेली. आपले प्रतिनिधी काय बोलतात हे रस्त्यावरच्या माणसाने आत बसून ऐकावं, ही त्या काळी फार दुर्मीळ गोष्ट होती.

पूर्वेच्या सज्जाखाली फरसबंदीत दगडांचं एक वर्तुळ आहे. लोक त्यावरून बोलत-बोलत निघून जातात. ५ मार्च १७७० च्या रात्री, बर्फ पडलेलं असताना, इथे ब्रिटिश सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या. आधी एका पहारेकऱ्यावर बर्फाचे गोळे आणि शिव्यांचा मारा झाला होता. पाच माणसं गेली. त्यातला क्रिस्पस अॅटक्स आफ्रिकी आणि मूलनिवासी वंशाचा खलाशी होता. ते वर्तुळ रस्त्याच्या कामांमुळे मागे-पुढे सरकलेलं आहे, गोळी लागली ती नेमकी फरशी शोधू नका. पण तिथे उभं राहून वर पाहा. १८ जुलै १७७६ ला त्याच सज्जातून बॉस्टनच्या लोकांना स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून दाखवला गेला. गोळीबार आणि जाहीरनामा यांच्यात सहा वर्षं आणि एका मजल्याची उंची!

त्या संध्याकाळी लोकांनी छताच्या टोकावरचे सिंह आणि एकशिंगी घोडा, म्हणजे इंग्लंडच्या राजघराण्याची चिन्हं, उतरवून होळीत टाकली. आज दिसतात त्या नंतर बसवलेल्या प्रतिकृती. बरेच जण विचारतात, स्वातंत्र्याच्या इमारतीवर राजाचा सिंह अजून कसा? मला तो तिथे असावासा वाटतो. काय उतरवलं होतं हे बघितल्याशिवाय उतरवण्याची किंमत कळत नाही. आणि पलीकडे, पश्चिमेच्या टोकावर, सोनेरी गरुड बसवलेला आहे. इमारतीला एक फेरी मारा, दोन्ही दिसतील. १९७६ मध्ये राणी एलिझाबेथ याच सज्जात येऊन उभी राहिली होती.

सरकार निघून गेल्यावर या इमारतीचे हाल झाले. दुकानं, कचेऱ्या, भिंतींवर जाहिरातींचे फलक. मध्ये काही वर्षं नगरपालिकाही होती. १८८१ मध्ये ती पाडायची वेळ आली, तेव्हा शिकागोने ‘आम्ही वीट-वीट उचलून आमच्याकडे नेतो’ असा प्रस्ताव मांडला. बॉस्टनकरांना तो झोंबला आणि त्यांनी संस्था काढून इमारत वाचवली. आज ती चहूबाजूंनी काचेच्या टॉवरांमध्ये एवढीशी दिसते, म्हणून फोटोत फसवते. प्रत्यक्षात जवळ जा, विटांना हात लावा.

आता टेकडीवरची घुमटवाली इमारत. स्वातंत्र्यानंतर जुनी जागा अपुरी पडू लागली. ४ जुलै १७९५ ला गव्हर्नर सॅम्युअल अॅडम्सने स्वातंत्र्यलढ्यातला चांदीकारागीर पॉल रिव्हियरच्या साथीने बीकन हिलवर कोनशिला बसवली. तेव्हा राज्यं पंधरा होती, म्हणून दगडाची गाडी पंधरा पांढऱ्या घोड्यांनी ओढत आणली. आराखडा चार्ल्स बुलफिंचचा, जो पुढे वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलचाही वास्तुविशारद झाला. त्याने नजरेसमोर ठेवलं होतं लंडनचं सॉमरसेट हाऊस. ज्यांच्याशी लढलो त्यांच्याकडूनही चांगलं ते घ्यायला त्या पिढीला कमीपणा वाटला नाही, हे मला आवडतं.

घुमट पहिल्यापासून सोन्याचा नव्हता. आधी लाकडी फळ्यांचा होता आणि गळायचा. १८०२ मध्ये रिव्हियरच्या कारखान्याने त्यावर तांब्याचा पत्रा चढवला. सोन्याचा वर्ख लागला तो थेट १८७४ मध्ये. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या विमानांना चकाकी दिसू नये म्हणून त्यावर रंग फासला होता. आत्ताचा वर्ख १९९७ चा, २३ कॅरटचा. शिखरावर पाहिलंत तर पाईनचं एक सोनेरी फळ दिसेल, शेजारच्या मेन राज्यातल्या जंगलांची आठवण. १८२० पर्यंत मेन हे मॅसॅच्युसेट्सचाच भाग होतं.

समोरच्या मोठ्या दारातून आत जायला जाल तर ते बंद असेल. ते राष्ट्राध्यक्ष किंवा परदेशी राष्ट्रप्रमुख आले तर, नाहीतर गव्हर्नर आपल्या शेवटच्या दिवशी पायउतार होऊन बाहेर पडतो तेव्हा उघडतं. आपण जायचं ते जनरल हूकरच्या घोड्यावरच्या पुतळ्याकडच्या दाराने. सुरक्षा तपासणी होते, प्रवेश आणि मार्गदर्शित फेरी फुकट, पण बराच काळ ती फक्त सोमवार ते शुक्रवार असायची, म्हणून जाण्याआधी दिवस बघून घ्या. शनिवार-रविवारी इथे येऊन हिरमुसलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. उलट जुन्या इमारतीत संग्रहालय आहे, तिथे तिकीट लागतं. वेळ कमी असेल तर मी म्हणेन, जुनी बाहेरून निवांत पाहा आणि वरची आतून.

आणखी एक गोंधळ आहे तो ‘स्टेट हाऊसमध्ये सापडलेल्या पेटी’चा. त्याही दोन, आणि दोन्ही २०१४ मध्येच बाहेर आल्या. जुन्या इमारतीवरच्या सिंहाच्या डोक्यात १९०१ सालची तांब्याची पेटी निघाली. वरच्या इमारतीच्या कोनशिलेखाली अॅडम्स आणि रिव्हियरने ठेवलेल्या वस्तूंची पेटी गळतीच्या दुरुस्तीत हाती लागली आणि जानेवारी २०१५ मध्ये उघडली. तिच्यात जुनी नाणी, वर्तमानपत्रं आणि एक कोरीव चांदीची पट्टी होती. रिव्हियरची म्हणतात ती हीच.

दोन्ही इमारतींना जोडणारी एक वस्तू मात्र खरोखर आहे: लाकडी कॉड मासा. पाच फुटांना एक इंच कमी. या राज्याचं पोट एकेकाळी याच माशाने भरलं, म्हणून १७८४ मध्ये जॉन रो या व्यापाऱ्याच्या विनंतीवरून तो जुन्या सभागृहात टांगला. १७९८ मध्ये सरकार टेकडीवर गेलं, तसा मासाही गेला. १८९५ मध्ये सभेला नवं दालन मिळालं, तेव्हा त्याला राष्ट्रध्वजात गुंडाळून, तिरडीसारख्या चौकटीवर ठेवून, सन्मानाने नेलं. १९३३ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी तो पळवला आणि सगळं विधानभवन अस्वस्थ झालं. तो सुखरूप परत आला.

म्हणून माझा सल्ला आहे, फ्रीडम ट्रेल इथे उलटी चाला. ट्रेल बॉस्टन कॉमन या बागेपासून सुरू होते, त्यामुळे १७९८ ची इमारत आधी भेटते आणि १७७० च्या गोळीबाराची जागा नंतर. गोष्ट शेवटाकडून ऐकल्यासारखं होतं. माशाच्या मागोमाग, खालून वर जा. त्या दिवशी मी काकांना फोनवर म्हटलं, “तिथेच थांबा, मी येते.” दगडांच्या वर्तुळापाशी आम्ही भेटलो आणि स्कूल स्ट्रीटने वर निघालो. ट्रेमाँट स्ट्रीटवर ग्रॅनरी स्मशानभूमी लागते. खाली गोळीबारात पडलेले पाचही जण इथे पुरलेले आहेत, आणि शेजारच्याच मातीत सॅम्युअल अॅडम्स, हॅनकॉक आणि रिव्हियर. पुढे पार्क स्ट्रीटच्या चढावर काकूंना धाप लागली, म्हणून घुमटासमोरच्या शॉ स्मारकापाशी बसलो. १८९७ चं हे ब्राँझचं शिल्प, यादवी युद्धात लढलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या, कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीचं आणि तिचा अधिकारी शॉ याचं. काकू उठून जवळ गेल्या. “प्रत्येकाचा चेहरा वेगळा आहे गं,” त्या म्हणाल्या. खरंच आहे. शिल्पकार सेंट-गॉडन्सने त्यावर चौदा वर्षं घालवली. खाली अॅटक्सचं वर्तुळ पाहून मग हे चेहरे पाहिले की ते जास्त ओळखीचे वाटतात.

मग आत गेलो आणि सभागृहाच्या गॅलरीत बसलो. काकू मूळच्या रत्नागिरीच्या, त्यांची नजर सगळं सोडून वर गेली. “कल्ल्याची रेघसुद्धा बरोबर काढलीय,” त्या हळूच म्हणाल्या, आणि फेरीतली मंडळी पुढच्या दालनात निघून गेली तरी माशाखाली बसूनच राहिल्या.