कमी शॉट, जास्त धक्के: १९८५ च्या बिग ईस्टचं गणित

१ एप्रिल १९८५ च्या रात्री अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन शहरात कॉलेज बास्केटबॉलचा राष्ट्रीय अंतिम सामना रंगला आणि व्हिलानोव्हाने गतविजेत्या जॉर्जटाउनला ६६-६४ असं हरवलं. अख्ख्या सामन्यात व्हिलानोव्हाने फक्त २८ शॉट मारले. त्यातले २२ आत गेले. उत्तरार्धात तर १० पैकी ९. २८ पैकी २२ म्हणजे ७८.६ टक्के, आणि राष्ट्रीय अंतिम सामन्यात इतकी अचूक नेमबाजी आजवर दुसऱ्या कुठल्याही संघाला जमलेली नाही.

गंमत म्हणजे हे दोन्ही संघ एकमेकांना चांगले ओळखून होते. अमेरिकेत कॉलेजांचे संघ गटागटांनी खेळतात, त्या गटाला म्हणतात कॉन्फरन्स. १९७९ मध्ये डेव्ह गॅव्हिट यांच्या पुढाकाराने ईशान्य अमेरिकेतल्या कॉलेजांनी ‘बिग ईस्ट’ ही कॉन्फरन्स उभी केली. १९८५ पर्यंत तिच्यात नऊ संघ होते. प्रत्येक संघ उरलेल्या आठांशी दोनदा खेळायचा, म्हणजे सोळा साखळी सामने. त्या वर्षी तक्त्यात सेंट जॉन्स पहिला आला: १५ विजय, १ पराभव. जॉर्जटाउन दुसरा, १४-२. व्हिलानोव्हा ९-७. जॉर्जटाउनने त्या मोसमात व्हिलानोव्हाला दोनदा हरवलं होतं, आणि साखळीच्या शेवटच्या सामन्यात व्हिलानोव्हाला पिट्सबर्गने ८५-६२ असं धुतलं होतं.

त्यानंतर दोन बाद फेऱ्या. आधी कॉन्फरन्सची स्वतःची, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. तिथे जॉर्जटाउनने अंतिम सामन्यात सेंट जॉन्सला हरवलं. मग राष्ट्रीय स्पर्धा. ती त्याच वर्षी पहिल्यांदा ६४ संघांची झाली होती. बिग ईस्टचे सहा संघ तिच्यात होते आणि शेवटच्या चारांत तीन पोचले: सेंट जॉन्स, जॉर्जटाउन, व्हिलानोव्हा. एकाच कॉन्फरन्सचे तीन संघ उपांत्य फेरीत, हे त्याआधी कधीच घडलं नव्हतं. या तिघांतला साखळीत सगळ्यात मागे राहिलेला संघ राष्ट्रीय विजेता झाला.

मग साखळीचा तक्ता चुकला होता का? मला वाटतं, हा प्रश्न संख्याशास्त्राला विचारायला हवा, आणि त्याचं उत्तर अनेक क्रीडाचर्चांपेक्षा रंजक आहे.

साखळी हे एक मोजमाप आहे. संघाची ताकद डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ते निकाल, आणि त्यांत नशिबाचा गोंगाट मिसळलेला असतो. समजा एखादा संघ अगदी मध्यम आहे, प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता निम्मी. सोळा सामन्यांत तो सरासरी ८ जिंकेल, पण त्याचं प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून साधारणपणे किती इकडे-तिकडे होतात त्याचं माप, २ आहे. म्हणजे १० विजय किंवा ६ विजय, दोन्ही त्याच्या हातून सहज होतील. तेव्हा १५-१ हा निकाल नशिबाने सहसा येत नाही. तो सरासरीपासून साडेतीन विचलनं दूर आहे. सेंट जॉन्स खरोखरच बलवान होता. पण ९-७ वाल्या आणि ७-९ वाल्या संघांत खरा फरक आहे की नाही, हे सोळा सामन्यांवरून सांगता येत नाही. तक्ता टोकाला विश्वासार्ह आणि मधोमध धूसर असतो. व्हिलानोव्हा त्या धूसर पट्ट्यात होता.

बाद फेरीचं गणित वेगळंच आहे. तिथे ताकद मोजली जात नाही, एक साखळदंड ओढला जातो आणि एक कडी तुटली की संपलं. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ९० टक्के असलेला दादा संघ घ्या. सलग सहा सामने जिंकण्याची त्याची शक्यता किती? ०.९ ला सहा वेळा गुणलं की जेमतेम ५३ टक्के उरतात.

आता मुद्द्याचं. कमजोर संघाने बलवान संघाला हरवायचं असेल तर सामना लहान करावा. बास्केटबॉलऐवजी एक सोपा खेळ कल्पू: प्रत्येक डावात बलवानाची जिंकण्याची शक्यता ५५ टक्के, कमजोराची ४५. असे १०१ डाव खेळले आणि ज्याचे जास्त तो विजेता, तर कमजोर सुमारे १६ टक्के वेळा जिंकेल. ५१ डाव ठेवले तर २४ टक्के. ११ डाव ठेवले तर जवळपास ३७. खेळाडू तेच, कौशल्य तेच. फक्त डाव कमी केले. कारण डाव वाढतात तशी बलवानाची आघाडी त्याच प्रमाणात वाढते, गोंगाट मात्र डावांच्या वर्गमुळाच्याच गतीने वाढतो. लांबच्या खेळात आघाडी गोंगाटाला मागे टाकते, छोट्या खेळात गोंगाट आघाडीला गिळून टाकतो. ट्वेंटी-२० मध्ये दुबळे संघ जेवढे धक्के देतात तेवढे कसोटीत देत नाहीत, ते याचमुळे.

१९८५ च्या राष्ट्रीय स्पर्धेत शॉट क्लॉक नव्हतं. चेंडू हातात आला की अमुक सेकंदांत शॉट मारलाच पाहिजे, अशी सक्ती नव्हती. व्हिलानोव्हाचे प्रशिक्षक रॉली मॅसिमिनो यांच्या संघाने हवा तितका वेळ चेंडू फिरवत ठेवला, धीराने मोकळा शॉट शोधला, म्हणजे सामन्यातले डावच कमी केले. त्यांच्या सहा सामन्यांचे आकडे पाहा: डेटनविरुद्ध ५१-४९, सोळा संघांच्या त्यांच्या विभागात अव्वल मानांकित असलेल्या मिशिगनविरुद्ध ५९-५५, मेरीलँडविरुद्ध ४६-४३, नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध ५६-४४, मेम्फिस स्टेटविरुद्ध ५२-४५, आणि मग अंतिम सामना. पाच सामन्यांत त्यांनी साठीही गाठली नाही, तरी पाचही जिंकले. जॉर्जटाउनकडून झालेले आधीचे दोन पराभवही ५२-५० (तोही जादा वेळेत) आणि ५७-५० असेच आटोपशीर होते. तक्त्यात मोठी दिसणारी दरी प्रत्यक्ष मैदानावर तेवढी नव्हती.

मग २८ पैकी २२ चं काय? प्रत्येक शॉटची शक्यता निम्मी धरली तर २८ पैकी २२ किंवा अधिक आत जाण्याची शक्यता सुमारे ५४० मध्ये एक येते. हेच प्रमाण ५६ शॉटमध्ये टिकवायचं म्हटलं, म्हणजे ५६ पैकी ४४, तर ती जवळपास एक लाखात एक होते. थोडक्या शॉटचा हा दुसरा फायदा: विलक्षण दिवस उगवायला जागा राहते. अर्थात प्रत्येक शॉट नाणेफेक नव्हे. जॉर्जटाउनच्या पॅट्रिक युइंगसारखा उंचापुरा बचावपटू समोर असताना घाईने शॉट घेतला तर शक्यता घसरते. मोकळा खेळाडू सापडेपर्यंत थांबलं तर वाढते. त्यामुळे ‘नशिबाने जिंकले’ हे विधान मला पटत नाही. त्यांनी आधी नशिबाला यायला दार उघडून ठेवलं आणि मग फ्री थ्रोवर, म्हणजे फाउलमुळे मिळणाऱ्या एकेका गुणाच्या फेकींवर, २७ पैकी २२ गुण घेऊन ते आत खेचलं.

त्याच १९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्व्हर्स्की या तिघा संशोधकांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. खेळाडूचा ‘हात तापतो’, एक-दोन शॉट आत गेले की पुढचाही जाण्याची शक्यता वाढते, ही समजूत त्यांनी फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्स या व्यावसायिक संघाच्या सामन्यांवर तपासली. व्हिलानोव्हाचं विद्यापीठ त्याच शहराच्या उशाशी आहे. त्या तिघांना या समजुतीचा पुरावा सापडला नाही. पुढची तीसेक वर्षं हाच निष्कर्ष शिकवला गेला. मग मिलर आणि सांहुर्हो यांनी मोजणीतच एक सूक्ष्म खाच दाखवली. नाणं तीनदा उडवा: छापा-काट्याच्या आठ मालिका शक्य आहेत. प्रत्येक मालिकेत छाप्यानंतर पुन्हा छापा किती वेळा आला, त्याचं प्रमाण काढा. ज्या मालिकांत असा क्षण येतच नाही त्या दोन वगळा आणि उरलेल्या सहांची सरासरी घ्या. ती निम्मी येत नाही. ४२ टक्के येते. नाणं निर्दोष असतानासुद्धा! म्हणजे आधीच्या अभ्यासात ‘काही फरक नाही’ दिसलं तेव्हा प्रत्यक्षात थोडा फरक असण्याची जागा होती. उत्तरार्धातल्या दहा शॉटवरून हात तापला होता की नाही हे सिद्ध होणार नाही, पण ती कल्पना आता अंधश्रद्धेच्या खात्यातून बाहेर आली आहे.

पुढच्याच मोसमात ४५ सेकंदांचं शॉट क्लॉक देशभर लागू झालं आणि चेंडू अडवून ठेवण्याची ती वाट बंद झाली. आपल्या विभागात आठवं मानांकन घेऊन विजेतेपद मिळवणारा व्हिलानोव्हा अजूनही सर्वांत खालचा विजेता आहे.

बिग ईस्टने मात्र २०११ मध्ये पुन्हा तसंच चित्र दाखवलं. तोवर सोळा संघांच्या झालेल्या या कॉन्फरन्सचे तब्बल ११ संघ राष्ट्रीय स्पर्धेत गेले, आणि त्यातले फक्त दोन शेवटच्या सोळांत उरले. त्यातला एक होता कनेक्टिकट, साखळीत ९-९, म्हणजे पुन्हा तो मधला धूसर पट्टा. केंबा वॉकर या खेळाडूच्या जोरावर त्याने पाच दिवसांत पाच सामने जिंकून कॉन्फरन्सची बाद फेरी मारली आणि मग राष्ट्रीय स्पर्धेतले सहाही जिंकले. अंतिम सामन्यात त्याच्यासमोर बटलर होता. ६४ पैकी फक्त १२ शॉट आत, १८.८ टक्के: अंतिम सामन्यांतली ही सर्वांत वाईट नेमबाजी. आणि दोनच आठवड्यांपूर्वी याच बटलरने, शेवटच्या सेकंदातल्या फ्री थ्रोवर, ७१-७० असं घरी पाठवलं होतं बिग ईस्टच्या तक्त्यात पहिल्या आलेल्या पिट्सबर्गला.