कावाब

कावाब : (इ. स. पू. सव्विसावे शतक). प्राचीन ईजिप्तच्या चौथ्या राजवंशातील राजपुत्र व गीझाचा महापिरॅमिड बांधविणारा राजा खुफू याचा ज्येष्ठ पुत्र. राणी मेरितितेस ही त्याची आई मानली जाते. खुफूचीच मुलगी हेतेफेरेस (दुसरी) ही त्याची पत्नी होती. त्या राजघराण्यात भाऊबहिणींचे विवाह होत असत. ज्येष्ठ असूनही तो गादीवर आला नाही. पित्याच्या हयातीतच त्याला मृत्यू आला असावा, आणि खुफूनंतर राज्य कावाबचा भाऊ जेडेफ्रे याच्याकडे गेले.

महापिरॅमिडच्या पूर्वेस, राण्यांच्या लहान पिरॅमिडांनजीक, पतिपत्नींसाठी एक जोडमस्तबा (सपाट माथ्याची, कललेल्या भिंतींची दगडी थडगेवास्तू) बांधण्यात आला. खडकात खोल खणलेल्या विहिरीच्या तळच्या दालनात कावाबचे दफन झाले. तेथील तांबड्या ग्रॅनाइटची शवपेटी कैरोच्या संग्रहालयात आहे. हेतेफेरेसला मात्र त्याच्या शेजारी पुरल्याचे दिसत नाही. मस्तब्यातील पुतळ्यांचे तुकडेच तेवढे हाती लागले.

कावाबची ओळख त्याच्या स्वतःच्या थडग्यापेक्षा त्याची मुलगी मेरेसांख (तिसरी) हिच्या थडग्यातून अधिक होते. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जॉर्ज रायस्नर यांच्या पथकाला ते 1927 मध्ये सापडले. खाफ्रे राजाची ही राणी आईच्या आधी वारली, तेव्हा हेतेफेरेसने स्वतःसाठी घडविलेली काळ्या ग्रॅनाइटची शवपेटी लेकीला दिली आणि तसा लेखही तीवर कोरविला. प्रवेशदारावरील नोंदीनुसार मृत्यू आणि दफन यांच्यात सुमारे नऊ महिने गेले. हा काळ नेहमीच्या मानाने फारच मोठा आहे. भिंतीवरील चित्रांत मायलेकी नावेत बसून कमळे खुडताना दिसतात, तर बाप हातात दंड घेतलेला, चांगलाच स्थूल पुरुष दाखविला आहे. राजपुत्राच्या सडपातळ, तरुण प्रतिमेच्या ठरीव साच्यात न बसणारे हे चित्रण म्हणूनच मोलाचे ठरते.

जेडेफ्रेने कावाबचा खून करून गादी बळकावली, असा तर्क रायस्नर यांनी केला होता. त्याला पुरावा नाही.

कावाबनंतर सुमारे तेराशे वर्षांनी राजा रॅमसीझ (दुसरा) याचा पुत्र खाएमवासेत याला कावाबचा एक पुतळा आढळला. जुन्या स्मारकांच्या जीर्णोद्धाराची हौस असलेल्या या राजपुत्राने तो मेम्फिस या प्राचीन राजधानीत ठेवून त्यावर आपला लेख कोरविला, आणि त्यात पूर्वजांविषयीच्या आपल्या आस्थेचा आवर्जून उल्लेख केला.