आपल्या यंत्रांची वेळ आणि आमची वेळ-जुळवणी सेवा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपल्या कार्यालयातील संगणक, हजेरीचे बायोमेट्रिक यंत्र, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर आणि बिलिंगचा सर्व्हर या प्रत्येकात स्वतंत्र घड्याळ असते, आणि ही घड्याळे आपण होऊन कधीच एकमेकांशी जुळलेली राहत नाहीत. संगणकातला साधा क्वार्ट्झ स्फटिक दहा लाखांत वीस भागांनी चुकला, तरी दिवसाला सुमारे १.७ सेकंदांचा, म्हणजे महिन्याला पन्नासहून अधिक सेकंदांचा फरक पडतो. त्यातच वीज गेली आणि आतला बटणासारखा सेल संपलेला असला, तर यंत्र थेट कित्येक वर्षे मागे जाऊन बसते.

ही घड्याळे जुळवून ठेवणाऱ्या सेवेचा प्रोग्राम आम्ही स्वतः लिहावयास घेतला त्याचे कारण रबाळे एमआयडीसीतील एका ग्राहकाच्या कारखान्यात घडले. तेथून तांब्याच्या तारेची दोन वेटोळी चोरीस गेली. फाटकावरच्या वहीत टेम्पो सकाळी ७:४० ला बाहेर पडल्याची नोंद होती, कॅमेऱ्याच्या चित्रणात तोच टेम्पो ७:२३ ला दिसत होता, आणि दिवसपाळीचा रखवालदार ७:३० ला कामावर आला होता. सर्वांनी वहीपेक्षा यंत्रावर विश्वास ठेवला आणि रात्रपाळीच्या रखवालदाराकडे दोन दिवस संशयाने पाहिले गेले. वस्तुतः रेकॉर्डरचे घड्याळ सतरा मिनिटे मागे होते. त्यात ‘वेळ आपोआप जुळवा’ हा पर्याय चालू होता. पण ज्याला वेळ विचारायची तो बाहेरचा सर्व्हर कित्येक महिने उत्तर देत नव्हता आणि ते कोणालाही कळत नव्हते. त्या रेकॉर्डरची देखभाल आमच्याकडे होती, म्हणून ही गोष्ट आम्हांला फार लागली.

नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची एनटीपी ही पद्धत अमेरिकेतील डेव्हिड मिल्स यांनी घडवली आणि १९८५ पासून ती लेखी स्वरूपात उपलब्ध आहे. तिचा गाभा साधा आहे. आपले यंत्र ४८ बाइटांचा एक प्रश्न पाठवते. प्रश्न निघाला केव्हा, सर्व्हरला मिळाला केव्हा, उत्तर तेथून निघाले केव्हा आणि आपल्याकडे पोहोचले केव्हा, या चार वेळांवरून घड्याळातला फरक काढला जातो. या हिशेबात जाण्यायेण्याचा वेळ सारखाच आहे, असे गृहीत धरलेले असते. प्रश्न जाण्यास १० मिलिसेकंद आणि उत्तर येण्यास ५० मिलिसेकंद लागले, तर वेळ २० मिलिसेकंदांनी चुकते, आणि ही चूक आतून ओळखता येत नाही. हजेरी, चित्रण आणि बिले यांसाठी एवढी चूक चालते. शेअर व्यवहार किंवा मोबाइल टॉवर यांसाठी चालत नाही, आणि त्या कामासाठी ही सेवा नाही, हे आम्ही आधीच स्पष्ट सांगतो.

मूळ एनटीपी प्रोग्रामात मात्र वर्षानुवर्षे सोयींची भर पडत गेली. त्यातल्या ‘मॉनलिस्ट’ या आज्ञेने सर्व्हरशी अलीकडे बोललेल्या ६०० पर्यंत पत्त्यांची यादी मिळत असे. प्रश्न लहान आणि उत्तर भलेमोठे असल्यामुळे, दुसऱ्याच्या पत्त्याने खोटे प्रश्न पाठवून उत्तरांचा लोंढा त्याच्यावर सोडणे सोपे झाले. फेब्रुवारी २०१४ मध्ये अशा एका हल्ल्याचा जोर सेकंदाला सुमारे ४०० गिगाबिटपर्यंत गेला होता. ती आज्ञा वेळ जुळवण्यासाठी मुळीच लागत नव्हती. ओपनबीएसडी या सुरक्षिततेवर भर देणाऱ्या संगणक प्रणालीच्या मंडळींनी २००४ मध्येच ओपनएनटीपीडी हा मोजकेच काम करणारा प्रोग्राम आणला होता, आणि आम्ही त्याच विचाराने चाललो आहोत.

आमचा प्रोग्राम आपल्या कार्यालयातल्या एका छोट्या पेटीत चालतो आणि बाकीची यंत्रे त्या पेटीलाच वेळ विचारतात. तो केवळ आपल्या आतल्या नेटवर्कलाच उत्तर देतो, आणि ४८ बाइटांच्या प्रश्नाला ४८ बाइटांचेच उत्तर देतो. आत त्याचे दोन भाग आहेत. बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या भागाला फायली उघडण्याचा किंवा घड्याळाला हात लावण्याचा अधिकार नाही. घड्याळ बदलू शकणारा भाग नेटवर्कशी बोलत नाही आणि पहिल्या भागाकडून फक्त एक आकडा स्वीकारतो. तो आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेरचा असला, तर नाकारतो. ज्याला परक्यांशी बोलायचे त्याच्या हाती किल्ली द्यायची नाही, एवढेच हे तत्त्व आहे.

साध्या एनटीपीत उत्तर खरोखर त्याच सर्व्हरचे आहे की वाटेत कोणी बदलले, हे तपासण्याची सोय नसते. सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनटीएस या मानकाने ती उणीव भरून काढली असून, ज्या सर्व्हरकडे ही सोय आहे तेथे आम्ही ती वापरतो. येथे एक पेच येतो: सर्व्हरची ओळख पटवणारे, ठरावीक मुदतीचे डिजिटल प्रमाणपत्र तपासण्यासाठी आजची तारीख ठाऊक हवी, आणि तारीख तर त्याच सर्व्हरला विचारायची आहे. म्हणून पेटी शेवटची खात्रीची वेळ सतत लिहून ठेवते आणि सुरू होताना त्याहून मागची कोणतीही वेळ मान्य करत नाही. दोन सर्व्हर वेगळी वेळ सांगू लागले तर खोटा कोण ते कळत नाही, तीन असले तर दोघांचे जुळते; आम्ही चार ठेवतो, म्हणजे एक बंद पडला तरी तीन उरतात.

चालू असताना घड्याळ एकदम उडी मारत नाही, कारण वेळ मागे गेली तर एका बिलानंतरचे दुसरे बिल आधीचे दिसू लागते. फरक सेकंदाला अर्ध्या मिलिसेकंदाने भरून काढला जातो, त्यामुळे एका सेकंदाची दुरुस्ती पूर्ण होण्यास सुमारे ३३ मिनिटे लागतात. तेवढा धीर धरावा, ही विनंती.

ज्या यंत्राने दिवसभरात एकदाही वेळ विचारली नाही, त्याची सूचना आपल्याला आणि आम्हांला ईमेलने येते. रबाळ्याच्या त्या प्रसंगानंतर सर्वांत आधी आम्ही हाच भाग लिहिला.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपली यंत्रे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जोडायची आहेत आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत. आमच्या चार सर्व्हरांत या दोन्ही संस्थांचा एकेक सर्व्हर आहे.

पेटी बसवण्यापूर्वी आपल्या राउटरवर यूडीपी १२३ (वेळ विचारण्यासाठी) आणि टीसीपी ४४६० (एनटीएससाठी) हे दोन मार्ग, म्हणजे पोर्ट, फक्त बाहेर जाण्यासाठी मोकळे ठेवावेत. आत येण्याचा कोणताही मार्ग उघडू नये, तशी मागणी आमच्या नावाने कोणी केली तर ती नाकारून आम्हांला कळवावे. आमचा माणूस येईल त्या दिवशी वेळ दाखवणाऱ्या सर्व यंत्रांची यादी तयार असावी, आणि त्यात वजनकाटा, टोकन यंत्र, लिफ्टमधला कॅमेरा यांचाही समावेश करावा, कारण संगणकासारखी न दिसणारी यंत्रेच बहुधा यादीतून सुटतात.